पेठेतला पहिला वाफा: साताऱ्यात रस्त्याकडेला फुलझाडं लावणाऱ्या नव्या मंडळींसाठी

मृगाची एखादी सर पडते, मातीचा वास सुटतो आणि साताऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या पेठेत चार-आठ जणांच्या मनात येतं, की कोपऱ्यावरचा तो राडारोड्याचा ढीग हलवून तिथं फुलझाडं लावू या. हा लेख त्या चार-आठ जणांसाठी. आमच्या गल्लीतली मंडळी सहा वर्षं हे काम करताहेत. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमानं सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही जुलैतल्या एका रविवारी दीडशे रोपं लावली. तीस माणसं आली, फोटो निघाले, वडापाव झाला. पुढच्या मे महिन्यात त्यातली नऊ रोपं जिवंत होती. पाऊस होता तोवर पाणी घालायची वेळच आली नाही, त्यामुळे ते कोण घालणार हे ठरवायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर जमीन सुकत गेली आणि जो तो समजत राहिला की दुसरं कुणीतरी बघत असेल. ती वाळलेली रोपं उपटताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून वाफा केवढा करायचा हे आम्ही एकाच प्रश्नावर ठरवतो: मे महिन्यात याला पाणी कोण घालणार, नाव सांगा. नाव निघालं नाही तर वाफा तेवढा लहान करायचा.

जागा आधी महिनाभर नुसती बघा

एप्रिल-मेमध्ये जागा हेरून ठेवा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला तिथं ऊन आहे का ते आठवडाभर बघा. झेंडू, गलांडा, शेवंती यांना दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलेलं आहे, हे इथं विसरू नका. किल्ल्याच्या अगदी पायथ्याला, माची पेठेच्या बाजूला राहत असाल तर मे महिन्यातलं ऊन बघून हिवाळ्याचा अंदाज बांधू नका. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि किल्ला तुमच्या दक्षिणेलाच आहे.

दुसरं बघायचं ते पाणी. वळवाचा जोरदार पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन तिथं उभं राहा. आपल्याकडच्या उताराच्या रस्त्यांवरून पाणी मुरूम घेऊन धावतं. त्या वाटेत वाफा केला तर पहिल्याच पावसात रोपं खाली चौकात सापडतील. पाणी वाफ्यावरून जात असेल तर वरच्या बाजूला दगडांची तिरकी ओळ लावून ते वळवा, नाहीतर जागा दोन हात सरकवा.

तिसरं म्हणजे माणसं. तिथं दुचाकी कोण लावतं, कचरा कोण टाकतं आणि तिथंच का टाकतं? आमच्या कोपऱ्यावर कचरा पडायचा, कारण घंटागाडी यायच्या वेळी कामावर गेलेल्या दोन-तीन घरांना दुसरी सोयच नव्हती. त्यांचा कचरा शेजारच्यांनी गाडीत द्यायचा असं ठरलं, तेव्हा ढीग थांबला. हे न करता वाफा केला असता तर कचरा वाफ्यातच आला असता.

शेवटी बघा, वाफा कुणाच्या नजरेसमोर येतोय. पिठाची गिरणी, इस्त्रीवाले, चहाची टपरी, असं रोज सकाळी उघडणारं दार समोर असेल तर ती जागा सोन्यासारखी. त्या दुकानदाराला आधी विचारा आणि त्याच्या आवडीचं एक झाड त्याच्या हातानं लावून घ्या.

पहिला वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एवढाच करा. तीन फूट रुंदी असली की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. भिंतीला लागून करत असाल तर रुंदी दोनच फूट ठेवा.

परवानगी

रस्त्याकडेची जागा आपल्या दारासमोर असली तरी आपली नसते. शहरातला रस्ता असेल तर नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा: जागा कुठली, लांबी-रुंदी किती, काय लावणार, पाणी कोण घालणार, दोन जबाबदार माणसांची नावं आणि फोन, सोबत जागेचा फोटो. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर अर्ज तिकडे जाईल. पाण्याची लाईन आणि केबल कुठून गेली आहे, हेही त्याच वेळी विचारा. आम्ही न विचारता खणलं होतं. टिकावाच्या घावानं नळजोड फुटला आणि दोन दिवस तीन घरांना पाणी नव्हतं. आजही त्या घरांपुढून जाताना मला ते आठवतं.

जागेत आधीपासून एखादं झाड असेल तर त्याच्या फांद्या मनानं तोडू नका. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे, परवानगी लागते. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंटही करू नका. चारी बाजूंनी हात-दीड हात माती मोकळी राहू दे.

माती: इथं घाई नको

नव्या मंडळींचा सगळा जीव रोपांत असतो. माझं ऐकाल तर पैसा आणि मेहनत यांतला मोठा वाटा मातीवर घाला.

रस्त्याकडेला टिकाव मारला की वर निघते ती माती नसतेच. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे कपचे, काचा, गुटख्याच्या पुड्या. हातमोज्यांशिवाय कुणालाही हात घालू देऊ नका. एक फूट खोल खणून हे सगळं बाहेर काढा. सिमेंट-चुना मातीत राहिला तर जास्वंदीची पानं पिवळी पडत जातात आणि कितीही खत घातलं तरी सुधारत नाहीत.

खड्डा झाला की बादलीभर पाणी ओता. तासाभरात मुरलं तर छान. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तळाशी पहारीनं भोकं पाडा, वीतभर मुरूम घाला आणि वाफा रस्त्यापेक्षा वीतभर उंच उचलून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवसचे दिवस झिमझिम लागते. तेव्हा रोपं पावसानं मरत नाहीत, मुळाशी साचलेल्या पाण्यानं कुजतात.

आता हिशोब. दहा बाय तीन बाय एक फूट म्हणजे ३० घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा एक तृतीयांश ब्रासला जरा कमीच माल लागेल, घमेल्यांत साठ-सत्तर. त्यातली निम्मी शेतातली माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि पाव भाग बारीक मुरूम. नुसती काळी माती भरू नका. ती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतमालकाला विचारून माती आणा. ओढ्याकाठची किंवा नदीकाठची माती परस्पर उचलायची नाही, ते गौण खनिज आहे आणि त्याला महसूल खात्याची परवानगी लागते.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. ते ओळखायचं कसं? मूठभर हातात घ्या. काळपट, भुसभुशीत असेल, हाताला गरम लागत नसेल आणि वास पावसानंतरच्या मातीसारखा येत असेल तर ते तयार आहे. शेणाचा वास येत असेल तर परत पाठवा. कच्च्या खतातून हुमणी येते. ऊस लावणाऱ्या कुणालाही विचारा, हुमणीचं नाव काढताच त्याचा चेहरा बदलेल. पांढरी, जाडजूड, तपकिरी डोक्याची अळी, खताचा गोळा फोडला की आत अर्धगोल वळून पडलेली असते. ती मुळं खाते. वर रोप मलूल दिसतं आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालत बसतो. खत पसरून उलथापालथ करा, दिसेल ती अळी वेचून काढा आणि मगच मातीत मिसळा.

सगळं मिसळून वाफा भरून ठेवा आणि एक-दोन पाऊस त्यावर पडू द्या. माती दोन-तीन इंच खाली बसते. तेवढी वरून पुन्हा घाला.

काय लावायचं

रोपवाटिकेत गेलात की जे फुललेलं दिसेल ते घ्यावंसं वाटतं. त्या मोहात पडू नका. वाफ्याची निम्मी जागा बारमाही, चिवट झाडांना द्या आणि उरलेली हंगामी फुलांना.

चिवट झाडांत माझं पहिलं मत सदाफुलीला. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, पाणी दोन दिवस चुकलं तरी ती तग धरते आणि बाराही महिने फुलते. तिच्याबरोबर अबोली, कोरांटी आणि तगर. कोरांटी पावसाळा संपता संपता फुलते, म्हणजे इतर फुलं दमलेली असतात तेव्हा. जास्वंद एकच लावा, मागच्या बाजूला. कण्हेरही जनावरं खात नाहीत, पण तिचा सगळा भाग विषारी असतो. शाळेजवळ किंवा अंगणवाडीजवळ नको. घाणेरी, म्हणजे टणटणी, फुलते सुंदर. पण ती पसरून डोंगर गिळते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जाऊन बघा. ती लावू नका.

हंगामी फुलांचं वेळापत्रक आपल्या सणांशी जोडलं तर लक्षात राहतं. जूनमध्ये तेरडा पेरा, गौरी येईपर्यंत तो फुललेला असेल. आमच्या गल्लीतल्या बायका आता गौरीचा तेरडा याच वाफ्यातून नेतात आणि त्या दिवसापासून वाफ्याकडे त्यांचं लक्ष दुपटीनं वाढलंय. झेंडू दसऱ्याच्या आधी अडीच-तीन महिने पेरायचा. रोप लावून तीन-चार आठवडे झाले आणि ते वीतभर वाढलं की शेंडा खुडा. नव्या माणसाचा हात इथं थरथरतो, पण खुडलेल्या जागेखालून दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात आणि एकाऐवजी अनेक फुलं लागतात. शेवंतीचे फुटवे पावसाळ्यात लावले तर दिवस लहान होतील तशा कळ्या धरतात. दसऱ्यानंतर कॉसमॉस, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर. फेब्रुवारीपासून गलांडा आणि ऑफिसटाईम, दोघंही उन्हाचेच सोबती.

दहा फुटी वाफ्यात फूट-फूट अंतरावर तीन ओळींत २७ ते ३० रोपं बसतात. सुरुवातीला वाफा रिकामा दिसेल. दिसू दे. दाटीत लावलेल्या झेंडूत वारा खेळत नाही आणि पावसाळ्यात पानांवर करपा पडतो. काही रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात माफक दरात मिळतात. तगर, जास्वंद, अबोली तर ओळखीच्या अंगणातून फांद्या आणूनही होतात.

एक कळकळीची विनंती. कास इथून २५ किलोमीटरवर. सप्टेंबरात तिथला फुलांचा गालिचा बघून प्रत्येकाला वाटतं, यातलं मूठभर आपल्या वाफ्यात आणावं. आणू नका. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथून रोप उपटणं गुन्हा आहे, हे तर झालंच. पण ते रोप इथं जगणारही नाही. कातळावरच्या बोटभर मातीत, सतत पाझरणाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य असतं. सीतेची आसवं हे निळं-जांभळं इवलंसं फूल घ्या. त्या मातीत नत्र इतकं कमी असतं की ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते. तिला आपल्या शेणखतात आणून बसवणं म्हणजे तिला मारणं. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते. तुमच्या वाफ्यातल्या मुलांना कास दाखवायला घेऊन जा, वाट सोडू नका आणि रिकाम्या हातानं परत या.

लावणीचा दिवस

दिवस ढगाळ निवडा किंवा चारनंतर सुरू करा. पिशवीतल्या रोपाला आधी पाणी द्या. खुरप्यानं पिशवीपेक्षा जरा मोठा खड्डा घ्या. पिशवी ब्लेडनं उभी चिरा आणि मातीचा गोळा दोन्ही हातांत धरून बाहेर काढा, खोडाला धरून ओढू नका. तळाशी मुळं गोल गोल फिरलेली असतील तर बोटांनी हलकेच सुटी करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल ठेवा, बाजूनं माती भरा, तळव्यानं दाबा आणि लगेच पाणी द्या. मुलांना हे एकदा करून दाखवलं की ती मोठ्यांपेक्षा नीट करतात. रिकाम्या पिशव्या मोजून परत गोळा करा, एकही गटारात जाऊ देऊ नका.

तीस माणसं बोलवू नका. आठ पुरे. दोन कुदळी, एक पहार, दोन फावडी, चार घमेली, चार खुरपी, दोन झाऱ्या एवढ्यात काम होतं आणि ही हत्यारं बहुतेक घरोघरी सापडतात.

पाणी आणि मे महिना

तीस चौरस फुटांच्या वाफ्याला कडक उन्हाळ्यात रोज १५ लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एक बादली. वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट दोन-तीन इंच जाड पसरलं तर एक दिवसाआड दिलं तरी चालतं. आच्छादन खोडाला टेकवू नका, चार बोटं लांब ठेवा.

पाणी नळाचं वापरायचं नाही, असं आम्ही पहिल्यापासून ठरवलं. उन्हाळ्यात वरच्या पेठांना नळाचं पाणी कमी दाबानं येतं आणि लोक घागरी घेऊन थांबलेले असताना फुलांना पाइप लावणं बरं दिसत नाही. जुन्या वाड्यातली विहीर, बोअर, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी यावर आमचं भागतं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी क्षाराचं असतं, रोज तेच घालू नका. साबणाचं पाणी नको.

आमच्याकडे सात घरं आणि सात वार. ज्याचा वार त्यानं सकाळी साडेसातच्या आत बादली ओतायची आणि गावाला जायचं असेल तर बदली माणूस स्वतः द्यायचा. वारांचा कागद गिरणीच्या दारावर चिकटवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या यादीपेक्षा तो कागद जास्त काम करतो, कारण दळण न्यायला आलेला प्रत्येक जण तो वाचतो.

झाऱ्या, बादल्या पालथ्या ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो.

शेळ्या, कीड आणि पहाटेची परडी

जनावरांसाठी पहिले सहा महिने बांबूच्या कामट्यांचं गुडघाभर कुंपण पुरतं. काटेरी तार लावू नका, मुलं खेळतात. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी कापून पिशवीत बंद करा आणि बाकीच्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. मावा असेल तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. रासायनिक कीटकनाशक आम्ही रस्त्यावर वापरत नाही. तिथून मुलं जातात आणि झेंडूवर मधमाश्या असतात.

पहाटेच्या परडीचा प्रश्न मात्र फवाऱ्यानं सुटत नाही. दुसऱ्या वर्षी उमललेलं प्रत्येक फूल उजाडायच्या आत गायब व्हायचं. एक दिवस मी पाचला जाऊन बसले. शेजारच्या गल्लीतले एक आजोबा परडी घेऊन आले.

"आजोबा, सगळीच नेताय?"

"देवालाच नेतोय की गं बाई. घरी थोडीच ठेवतोय."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या वाड्यातली तगर बांधकामात गेली होती. पुढच्या आठवड्यात आम्ही वाफ्याच्या दोन्ही टोकांना तगर लावली, मागे ती एक जास्वंद होतीच, आणि पाटी लिहिली: ही फुलं देवासाठी, बाकीची सगळ्यांसाठी. आजोबांना मी म्हटलं, "तगर तुमची, पण सोमवारची बादलीही तुमची." त्यांनी ती घेतली. गुडघे दुखतात म्हणून आता त्यांची नात बादली आणते, ते झारी धरतात.

निर्माल्याचं खत

वाफ्याला दर तीन महिन्यांनी दोन-तीन घमेली खत लागतं. ते विकत आणायची गरज नाही. गल्लीतलं निर्माल्य माहुलीला नदीत सोडण्याऐवजी एका जाळीच्या पिंपात गोळा करा. दोरा, तार, जरीचे तुकडे, प्लास्टिकची फुलं आधी काढायची. हे कंटाळवाणं काम आम्ही दर शनिवारी ओट्यावर बसून गप्पा मारत करतो. मग एक थर निर्माल्य, त्याच्या दुप्पट जाडीचा थर वाळला पाला, वर मूठभर शेणखत आणि पाण्याचा हबका. आठवड्यातून एकदा काठीनं वरखाली करायचं. वास आला तर पाला कमी पडलाय असं समजा. अडीच-तीन महिन्यांत काळं खत तयार होतं. गणपतीच्या दिवसांत एवढं निर्माल्य येतं की दुसरं पिंप लागतं.

दसरा झाला की झेंडू उपटायची घाई करू नका. चार-पाच टपोरी फुलं झाडावरच वाळू द्या. बोंड पूर्ण तपकिरी झालं की ते दोन बोटांत धरून उसवा. आत केरसुणीच्या काड्यांसारख्या बिया असतात, अर्ध्या काळ्या, अर्ध्या फिकट. काळा भाग भरलेला आणि टणक लागला तर ते बी धरेल. चपटं, पोचट निघालं तर टाकून द्या. बाजारातल्या हारातलं फूल कोवळं तोडलेलं असतं, त्यात बहुधा पोचट बीच निघतं. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तशीच फुलं देईल याची खात्री नसते, म्हणून सुरुवातीला देशी झेंडूचं रोप मागून घ्या. तेरड्याची बोंडं मात्र पिकण्याच्या जरा आधीच, हिरवट-पिवळी असताना तोडा. पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते तडकतं आणि बी चारी दिशांना उडतं. मुलांना हे फार आवडतं, एक-दोन बोंडं त्यांच्यासाठी ठेवा.

बी दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा. पाकिटावर फुलाचं नाव, महिना आणि कुठल्या वाफ्यातलं ते लिहा. एक पाकीट आपल्यासाठी, बाकीची शेजारच्या गल्लीला. त्यांनी मागितली की देताना आधी विचारा, मे महिन्यात पाणी कोण घालणार.